आवाजाने पुसलेला आवाज

१

पणजोबा कुलपे घडवीत. आजोबा तिजोऱ्या बसवीत. वडील एका मोठ्या कचेरीच्या दस्तऐवजखान्याचे राखणदार होते आणि आपल्या कारकिर्दीत एकही कागद गहाळ झाला नाही असे ते जेवताना सांगत. त्यावर वाद घालण्याची घरात कोणाची छाती नव्हती. तीन पिढ्या दुसऱ्यांचे सांभाळण्यात गेल्या. चौथीत जी जन्मली तिच्या वाट्याला ना लोखंड आले ना कागद. तिच्या वाट्याला आला एक प्रश्न: ‘खात्री आहे?’

संगणकावर काही पुसायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न कोठे विचारावा, किती वेळा विचारावा आणि उत्तराचे पर्याय कोणत्या शब्दांत द्यावेत, हे ठरवण्यात तिची उमेदीची वर्षे गेली. कार्यालयात तिला खात्रीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत. तिने हरकत घेतली नाही. निवृत्ती दाराशी आली होती, गुडघे आधीच निवृत्त झाले होते, आणि अलीकडे तिला आपल्या कामाचाच शीण आला होता. माणसे प्रश्न वाचत नाहीत हे तिला कळून चुकले होते. डास हाकलावा तसा ती ‘हो’ दाबतात.

ज्या संस्थेत ती काम करी तिला आवाजपेढी म्हणत. घशाच्या आजाराने ज्यांचा आवाज जाणार असे, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी येथे बसून वाक्यामागून वाक्ये रेकॉर्ड करायची. त्यांवरून त्यांचा आवाज घडवला जाई. पुढे त्या माणसाने टॅबवर अक्षरे टाइप केली की टॅब पेढीत ठेवलेल्या त्याच्याच आवाजात बोले.

त्या सकाळी तिने चहाचा पहिला घोट घेतला तोच संचालकांनी बोलावले.

“मास्तरीणबाईंच्या मुलीचा फोन होता,” संचालक म्हणाले. ते तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते आणि त्यांना घाई हा एकच विकार होता. “काल संध्याकाळपासून आईचा टॅब कुणा परक्या बाईच्या आवाजात बोलतोय.”

“सेटिंग बदललं असेल.”

“नाही हो. पेढीत आवाजच राहिलेला नाही. रेकॉर्डिंगं, घडवलेला आवाज, सगळं साफ.”

“टोपलीत पाहिलंत?”

टोपली तिचीच सोय होती. पेढीतल्या कोणीही काही पुसले तर ते प्रथम टोपलीत जाई, महिनाभर तेथे पडून राही आणि कोणालाही परत काढता येई.

“टोपलीत काही नाही. कायमचं पुसलंय.”

हे ऐकून ती खुर्चीत बसली. ‘कायमचे पुसा’ हा पर्याय तिने अशा रीतीने बांधला होता की तो पेढीच्या माणसाला एकट्याने वापरताच येऊ नये. आवाज ज्याचा, त्याने मायक्रोफोनसमोर स्वतःच्या आवाजात ‘हो, खात्री आहे’ म्हणायचे. आवाज जुळला तरच कुलूप उघडे. एकदा उघडले की प्रतीसुद्धा उरत नसे. पेढीने प्रत्येकाला तसे वचन दिले होते आणि ते पाळले जाई.

“नोंदीत काय दिसतं?” तिने विचारले.

संचालकांनी पडदा तिच्याकडे वळवला. काल दुपारची नोंद. वेळेपुढे एकच ओळ: ‘मालकाचा आवाज जुळला. कायमचे पुसले.’

मास्तरीणबाईंचे स्वरयंत्र डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वीच काढून टाकले होते.

२

“ज्या बाईला आवाज नाही, तिनं आवाज काढून आवाज पुसला,” संचालक म्हणाले. “यावर माझा विश्वास बसत नाही. तुमचा बसतो?”

“माझं अजून काहीच ठरलेलं नाही.”

“माझं ठरलंय. कानसेन.”

कानसेन म्हणजे पेढीचे ध्वनिमुद्रक. बंद दाराआडून नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखणारे, पन्नाशी उलटलेले, मितभाषी गृहस्थ.

“बाईंचं एकूण एक वाक्य त्यांच्या हाताखालून गेलंय,” संचालक म्हणाले. “इकडून ‘हो’ उचलायचा, तिकडून ‘खात्री’ उचलायची, जोडायचं आणि मायक्रोफोनला ऐकवायचं. दुसऱ्या कुणाला जमेल हे? आणि काल दुपारी त्या खोलीत तेच होते. मी विचारलं तर म्हणतात, मी माझं काम केलं. बस. शुक्रवारी त्यांना निरोप देतोय. त्यांचं लॉगिन बंदही केलं.”

“शुक्रवारपर्यंत थांबा,” खात्रीबाई म्हणाली.

“तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? चार महिने उरलेत तुमचे.”

कारण तिच्याकडे होते. सांगण्यासारखे होते, पण ते संचालकांच्या वयाला कळण्यासारखे नव्हते. तरुणपणी पती वारल्यावर तिची वाचा बसली होती. घशाला काही झालेले नव्हते. बोलण्याचे कारणच संपले होते. आठवडेच्या आठवडे गेले. कोणीतरी तिला पोहण्याच्या तलावावर नेऊन बसवले, आणि काठावर उभ्या असलेल्या, तेथे पोहायला शिकवणाऱ्या एका दणकट बाईने तिला हाताला धरून पाण्यात उतरवले. “नाव सांग. मोठ्यानं. मला ऐकू आलं पाहिजे.” रोज तेच. एके दिवशी तिने नाव सांगितले. आभार मानायला गेली तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, “आभार राहू देत. कधीतरी माझ्या उपयोगी पड.”

ती आजवर कधी उपयोगी पडली नव्हती. संधीच आली नव्हती, असे ती मनाला सांगत आली होती.

कानसेन आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. आत जायला त्यांना मनाई झाली होती.

“काल दुपारी काय झालं?” तिने विचारले.

“मास्तरीणबाई आल्या होत्या. मी माझं काम केलं.”

“कुठलं काम?”

“बाई, तुम्ही मला किती वर्षं ओळखता?”

“ओळखते म्हणूनच विचारते. दुसरं कुणी असतं तर मी घरी जाऊन पाय शेकत बसले असते.”

कानसेन किंचित हसले. मग पुन्हा जमिनीकडे पाहू लागले. “मी पुसलं असं म्हणा हवं तर. मला चालेल.”

“मला चालणार नाही. तुम्ही आवाज जोडून ऐकवलात का?”

“नाही.” हे उत्तर मात्र झटकन आले, आणि त्यात दुखावल्याचा सूर होता.

“मग गप्प का बसलात?”

त्यांनी हात चोळले. “बाई, एक विनंती आहे. साहेब माझा संगणक तपासतील. माझ्या नावाचा एक कप्पा आहे त्यात. तेवढा कुणी उघडू नये असं बघा.”

नोकरी जाणाऱ्या माणसाला नोकरीची नव्हे, एका कप्प्याची काळजी होती.

३

वाचातज्ज्ञ बाई तरुण होत्या आणि सकाळपासून तिसऱ्यांदा रडून झाल्यामुळे त्यांचे नाक लाल झाले होते. आवाज गेलेल्या माणसांना टॅबवर बोलायला शिकवणे हे त्यांचे काम.

“बाई, मी शपथेवर सांगते—”

“शपथ नको. खुर्चीत बसा. काल दुपारी तुम्ही कुठे होतात?”

“सराव संपवून मी मास्तरीणबाईंना कानसेनकाकांच्या खोलीत सोडलं. त्यांना त्यांच्याशी काही बोलायचं होतं. एकटीनं. मला हातानंच ‘जा’ म्हणाल्या. तुम्हाला माहीत आहे ना, त्या हातानं ‘जा’ म्हणाल्या की माणूस जातोच.”

“माहीत आहे.”

“मग मी फोनवर होते. पंधरावीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. छान दिसत होत्या. म्हणजे, हलक्या झाल्यासारख्या.”

खात्रीबाईने ही गोष्ट मनात बाजूला ठेवली आणि संगणकाकडे वळली. आवाज जुळवताना प्रणाली शंभरपैकी गुण देते; ते गुण संचालकांनी पाहिले नव्हते, कारण ते पाहायला आणखी एक खिडकी उघडावी लागे.

गुण होते शंभरपैकी शंभर.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. या पेढीत तिने हजारो आवाज जुळताना पाहिले होते. सर्दी असते, मन खट्टू असते, पोट भरलेले असते; जिवंत माणूस स्वतःशी इतका तंतोतंत कधीच जुळत नाही. तोच तर माणसाचा पुरावा. आणि कापून जोडलेला आवाज दर सांध्यावर ठेचकाळतो. तो तर त्याहून खाली घसरतो. म्हणजे संचालकांचा तर्क तेथेच मोडला. पेढीतल्या आवाजाशी पुरता जुळेल असा एकच आवाज होता, पेढीने घडवलेला.

“घडवलेला आवाज कुठून बोलतो?” तिने विचारले. उत्तर तिला ठाऊक होते, पण मोठ्याने ऐकायचे होते.

“टॅबमधून. फक्त टॅबमधून.”

“मायक्रोफोनसमोर जर टॅब ‘हो, खात्री आहे’ म्हणाला, तर?”

वाचातज्ज्ञ बाईंनी तोंडावर हात ठेवला. “पण ते वाक्य तर मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकवते. डॉक्टर विचारतात, बँकेत विचारतात, दुकानात विचारतात. एका बटणावर ठेवलेलं असतं ते.”

कुलपाची किल्ली पेढीने स्वतःच्या हाताने प्रत्येकाला देऊन टाकली होती. आणि ते कुलूप घडवणारी खात्रीबाईच होती. पूर्वी तेथे एक लांबलचक, कोणी सहज बोलणार नाही असे वाक्य होते. आजारी माणसांना ते म्हणताना धाप लागते अशा तक्रारी आल्या, आणि दमून तिनेच ते तीन शब्दांवर आणून ठेवले होते.

“काल त्या खोलीत टॅब कुणाच्या हातात होता?”

“त्यांच्याच. त्या तो कुणाला हात लावू देत नाहीत.” वाचातज्ज्ञ बाई घुटमळल्या. “मुलीला तर नाहीच नाही.”

४

मुलीने दार उघडले ते अर्धेच. चाळिशीची, ओढलेल्या चेहऱ्याची बाई. स्वयंपाकघरात नळ गळत होता आणि तो दुरुस्त करायला कोणाला सवड नव्हती.

“या मावशी. आई आत आहे. पण बोलणार नाही. म्हणजे, टाइप करणार नाही. तो परका आवाज आल्यापासून तिनं टॅब पालथा घालून ठेवलाय.”

“आईनं टॅब तुमच्याकडे कधी दिला होता का?”

“कशाला देईल?” ती बसली, आणि बराच काळ साठलेले बोलून टाकावे तशी बोलली. “खरं सांगू? मला तो आवाज नकोच होता. आई समोर बसलेली, ओठ मिटलेले, आणि आवाज टेबलावरून येतोय. गुळगुळीत. ‘भाजीत मीठ कमी आहे.’ माझ्या आईनं आयुष्यात कधी असं सांगितलं नाही, मावशी. ती ओरडायची, ‘मीठ काय पुढच्या वर्षी घालणार आहेस?’ मी एकदा म्हणाले, आई, बंद कर ते, घरात भूत बोलतंय असं वाटतं. आठवडाभर तिनं माझ्याकडे बघितलं नाही.”

“म्हणून तुम्ही तो पुसलात?”

“मी?” ती म्हणाली. “काल मी गाडीतच बसून होते. आत यायचं नाही असं तिनं सांगितलं होतं.”

“का?”

“मला विचारायची सोय आहे का?”

आतल्या खोलीत मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. खांदे अजून तसेच रुंद. गळ्याला रुमाल. खात्रीबाई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

“पेढीत बिघाड झाला असं तुम्हाला सांगितलंय,” ती म्हणाली. “तसं नाही. आवाज कुणीतरी पुसला आहे. साहेब म्हणतात, कानसेन यांनी. शुक्रवारी त्यांची नोकरी जाईल.”

मास्तरीणबाईंची मान झटकन वळली. डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. त्या चेहऱ्यावर खात्रीबाईने भीती कधी पाहिली नव्हती, आणि क्षणभर तिला ती ओळखूच आली नाही.

मास्तरीणबाईंनी दाराकडे पाहिले. दारात मुलगी उभी होती. त्यांनी टॅबकडे गेलेला हात मागे घेतला.

जे सांगायचे होते ते मुलीसमोर सांगण्यासारखे नव्हते.

“तुम्ही काही सांगू नका,” खात्रीबाई उठत म्हणाली. “मी शोधते. तुम्ही फक्त मान हलवा. काल तुम्ही कानसेन यांना काहीतरी पुसायला सांगितलंत. सगळं नव्हे. थोडंसंच.”

मास्तरीणबाईंची मान हलली. हो.

५

शुक्रवारी सकाळी खात्रीबाईने ध्वनिमुद्रणाच्या खोलीची किल्ली मागून घेतली, संगणकावर बसली, आणि चाचणीसाठी ठेवलेला स्वतःचा आवाज उघडला. त्यातले एक वाक्य निवडले. ‘कायमचे पुसा’ दाबले.

खिडकी उघडली. ‘काय पुसायचे?’ खाली दोन पर्याय: ‘फक्त हे रेकॉर्डिंग’ आणि ‘संपूर्ण आवाज’. त्याखाली मायक्रोफोन, ऐकायला सज्ज.

ती तोंड उघडणार तोच तिची नजर त्या दोन पर्यायांवर गेली. निवडीचा ठिपका ‘संपूर्ण आवाज’ यावर होता. तिने तो तेथे ठेवला नव्हता. तो आधीपासूनच तेथे होता.

तिने संचालकांना बोलावले, आणि कानसेन यांनाही.

“साहेब, ज्या दिवशी आवाज गेला त्या दिवशी सकाळी या संगणकावर तुम्ही बसला होतात का?”

“मी?” संचालक चिडले. “हो. ते घड्याळजी आजोबा वारले ना, त्यांच्या घरच्यांचा अर्ज होता, आवाज ठेवू नका म्हणून. मालक हयात नसला की माझ्या परवानगीनं पुसतात. मी पुसला. संपूर्ण. सगळं रीतसर.”

“रीतसरच. तुम्ही ‘संपूर्ण आवाज’ निवडलंत, आणि खिडकीनं ते लक्षात ठेवलं. शेवटची निवड लक्षात ठेवायची, म्हणजे दरवेळी दाबायला नको, ही सोय तुम्ही मागितली होती.”

“वेळ वाचतो त्यानं.”

“वाचला. त्याच दिवशी दुपारी मास्तरीणबाई येथे आल्या. त्यांना एक रेकॉर्डिंग नको होतं. एकच. कानसेन यांनी ते नेहमीसारखं टोपलीत टाकलं असतं. पण बाईंना तेवढं पुरलं नसणार. त्या म्हणाल्या असतील, टोपलीत नको, कायमचं. यांनी खिडकी उघडली. ठिपका कुठे आहे ते पाहिलं नाही. मीसुद्धा आत्ता अगदी शेवटी पाहिलं, आणि ही खिडकी माझी आहे. मायक्रोफोननं विचारलं, बाईंनी टॅबचं एक बटण दाबलं, आणि त्यांच्याच आवाजानं त्यांचा आवाज पुसून टाकला. कुणाच्याही मनात तसं नव्हतं.”



“मग हे का नाही सांगितलंत?” संचालकांनी कानसेन यांना विचारले.

“सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुठलं रेकॉर्डिंग,” खात्रीबाई म्हणाली. “आणि ते सांगायचं नाही असा शब्द यांनी दिला असणार. मीही विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.”

कानसेन यांनी मान खाली घातली. “मायक्रोफोन चालू असताना माणूस कधी कधी वाक्यं सोडून दुसरंच बोलून जातो, बाई. ते ऐकणं माझं काम. सांगणं नव्हे.”

खात्रीबाईला मास्तरीणबाईंची ती नजर आठवली. दोन पिढ्यांना ज्यांनी पाण्याची भीती सोडायला लावली, त्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी या खोलीत एकट्या बसून काय बोलल्या असतील, हे तिला न सांगता कळले. तिने ते स्वतःपाशीच ठेवले.

“चूक तीन हातांची आहे,” ती म्हणाली. “पहिला हात माझा, दुसरा तुमचा, तिसरा यांचा. एकट्याला निरोप द्यायचा नाही.”

संचालकांनी बराच वेळ पडद्यावरच्या ठिपक्याकडे पाहिले. शेवटी म्हणाले, “निरोप रद्द. पण त्यानं बाईंचा आवाज परत येणार आहे का?”

“ते कानसेन यांच्या कप्प्यावर अवलंबून आहे,” खात्रीबाई म्हणाली.

कानसेन यांचा चेहरा पांढरा पडला.

६

“तुम्ही नोकरीवर पाणी सोडलंत,” ती त्यांना म्हणाली, “बाईंपायी गप्प राहिलात. पण आवाज गेल्याचं दुःख काही तुमच्या तोंडावर मला दिसलं नाही. ज्यानं एकेक वाक्य सहा सहा वेळा घेतलं, त्याला ते कसं नसेल? तेव्हाच मला वाटलं, काहीतरी शिल्लक आहे.”

कानसेन खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितले, आणि ते संचालकांकडे न पाहता सांगितले.

स्वतःचा आवाज कोणालाच आवडत नाही. खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस म्हणतो, छे, हा मी नव्हे, पुसा. अडून बसतो. मग कानसेन त्याच्या डोळ्यांसमोर पुसत. ते टोपलीत जाई. माणूस समाधानाने घरी गेला की संध्याकाळी कानसेन ते टोपलीतून उचलून आपल्या कप्प्यात ठेवीत. कप्प्याला नाव दिले होते ‘खरकटं’.

“का?” संचालकांनी विचारले.

“कारण नंतर ते विचारायला येतात, साहेब. आवाज गेल्यावर. ते पुसलेलं खरंच पुसलंत का हो? आणि मग मी म्हणतो, बघतो हं शोधून. मास्तरीणबाईंनी तर जवळजवळ प्रत्येक वाक्य नाकारलं होतं. पेढीत होतं ते सोवळ्यातलं. माझ्याकडे आहे ते सगळं. फक्त ते एक नाही. ते खरंच गेलं.”

“म्हणजे आवाज परत घडवता येईल?”

“येईल. पण मी त्यांना म्हणालो होतो, पुसलं. तोंडावर. कसं विचारायचं तेच सुचत नव्हतं. आणि कप्पा तर तुम्ही बंद केलात.”

संचालकांनी तोंड उघडले. खात्रीबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिले, आणि ते मिटले.

“विचारायचं काम माझं,” ती म्हणाली. “आयुष्यभर तेच केलंय.”

मास्तरीणबाईंच्या घरी ती कानसेन यांना घेऊनच गेली. या खेपेला मुलीला तिने आत बसवून घेतले. मास्तरीणबाईंनी हाताने ‘जा’ म्हटले नाही. सारे सांगून झाले: खिडकी, ठिपका, टॅबचे बटण, खरकटे. एका रेकॉर्डिंगबद्दल मात्र ती फक्त एवढेच म्हणाली, “आणि जे तुम्हाला नको होतं, ते कुठेच नाही. माझा शब्द.” मास्तरीणबाईंनी डोळे मिटले आणि उघडले.

मग त्यांनी कानसेन यांच्याकडे पाहिले. पालथा टॅब सुलटा केला. परक्या, पुस्तकी आवाजात टॅब म्हणाला, “आपण मला खोटे सांगितले.”

“हो,” कानसेन म्हणाले.

“तीन महिने?”

“चार, बाई. शस्त्रक्रियेआधीचाही एक.”

“आता ऐका,” खात्रीबाई मध्ये पडली. “तीन पर्याय आहेत. एक, ते सगळं आजच कायमचं पुसायचं. आवाज मिळणार नाही. दोन, त्यातून आवाज घडवायचा. तीन, आधी ऐकायचं आणि मग ठरवायचं. यांतला कुठलाही मी आधी निवडून ठेवलेला नाही. आणि घाई नाही. माझे गुडघे दुखतात, मी बसून राहीन.”

नळ गळत होता. मुलगी दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती. मास्तरीणबाईंनी एकेक अक्षर शोधून दाबले.

“आधी ऐकवा.”

कानसेन यांनी लॅपटॉप उघडला. प्रथम एक श्वास आला, काठावरून उडी मारण्यापूर्वी घ्यावा तसा, छाती भरून. मग: “‘आज बाहेर ऊन पडले आहे.’ छे. हे काय? मी काय बातम्या देते आहे का? ऊन पडलंय तर बाहेर जा म्हणावं, घरात बसून सांगतोस काय! पुसा हो ते. आणि तुम्ही हसू नका, कानसेन, दिसतंय मला काचेतून.”

मुलगी एकदम ताठ झाली. “हा,” ती म्हणाली, आणि तिने लॅपटॉपकडे बोट केले. मग म्हणाली, “ही आहे आई. टेबलावरची ती कोण होती देव जाणे.”

मास्तरीणबाई हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. त्यांनी मुलीचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने उत्तर टाइप केले. टॅबने ते उच्चारण्याआधीच कानसेन यांनी ते वाचले आणि रुमाल काढला.

खरकट्यातून आवाज पुन्हा घडवायला दीड महिना गेला. त्या अवधीत खात्रीबाईने पेढीसाठी शेवटची खिडकी बांधली. तीत ठिपका कोठेच आधी ठेवलेला नसे. कुलपाचे वाक्य पुन्हा लांब केले, आणि टॅबच्या एका बटणाने ते उघडेनासे केले; अक्षर अक्षर टाइपच करावे लागे. आणि ‘पुसा’च्या शेजारी एक नवा पर्याय आला, ‘सध्या बाजूला ठेवा’. कोणाचे काय बाजूला ठेवले आहे, हे आता त्या माणसाला विचारून ठेवले जाई. कानसेन यांचा कप्पा एकेका मालकाला विचारून रिकामा झाला. बहुतेकांनी ‘ठेवा’ म्हटले. दोघांनी रागावून ‘पुसा’ म्हटले. त्यांचे पुसले गेले. संचालकांना नवी खिडकी संथ वाटली. तिने त्यांना ती संथच ठेवायला सांगितले, आणि ती निवृत्त होत असल्याने त्यांनी वाद घातला नाही.

मास्तरीणबाई टॅब घ्यायला स्वतः आल्या. खुर्ची नाकारून उभ्या राहिल्या. बोटे चालली. टॅबने आधी श्वास घेतला.

“तू ती मुकी मुलगी ना? तलावावरची?”

“हो,” खात्रीबाई म्हणाली. “मला वाटलं तुम्ही विसरला असाल.”

“नाव सांगायला किती दिवस घेतलेस. माझा घसा बसला होता.” बोटे थांबली, मग पुन्हा चालली. “मी म्हणाले होते, कधीतरी उपयोगी पड.”

“माझ्या लक्षात आहे.”

मास्तरीणबाईंनी टॅब काखेत मारला, पुढे होऊन तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिला जरा हलवले, पाण्यात उतरवण्यापूर्वी हलवीत तसे. मग टॅब पुन्हा समोर धरला.

“फिटलं,” त्यांचा आवाज म्हणाला. “सगळं. काही बाकी नाही.”